पऱ्हाटीचं छत

माझं दुकान सिमेंटचं आहे. मानोऱ्याच्या बसस्टँडवरून थोडं पुढे आलात की डाव्या हाताला. सिमेंट, लोखंड, पत्रे, चुना, खिळे, सगळं ठेवतो. ‘फुकटचा सल्ला मिळणार नाही’ अशी पाटी मी एकदा रंगवून घेणार होतो, पण बायको म्हणाली, मग तुम्ही दिवसभर करणार काय? पाटी राहिली. सल्ला चालू आहे.

खेमा राठोड दुकानात आला तो संक्रांत होऊन गेल्यावर. मला वाटलं पत्रा न्यायला आला असेल, कारण तांड्यावरची माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक पत्र्यासाठीच. त्याने सिमेंटची एकच थैली मागितली आणि चुना मात्र पोत्यांनी मागितला. सिमेंटच्या दुकानात येऊन सिमेंट कमी मागणारा माणूस मला आवडत नाही.

“काय बांधून राह्यला खेमाभाऊ?” मी विचारलं.

“छत.”

“एका थैलीत छत?”

“पऱ्हाटीचं हाये,” तो म्हणाला आणि चक्क लाजला.

कापूस वेचून झाला की शेतात झाडाच्या वाळक्या काड्या उभ्या राहतात, ती पऱ्हाटी. आमच्याकडे ती उपटतात, थोडी चुलीला ठेवतात आणि उरलेली बांधावर पेटवून देतात. आठवडाभर सगळ्या शिवारावर धूर असतो आणि माझा खोकला सुरू होतो. त्या काड्यांचं कुणी छत करणार म्हणतोय, हे ऐकून मी खेमाला बसवलं, चहा सांगितला आणि पोटभर हसलो. तोही हसला. पण हसून झाल्यावर त्याने पुन्हा चुनाच मागितला.

हा खेमा म्हणजे आमच्या भागातल्या शेकडो माणसांसारखा एक. तांड्यात जन्मला, मिसरूड फुटायच्या आत पुण्याला गेला आणि स्लॅब टाकणाऱ्या टोळीत लागला. रामीबाईचं त्याच्याशी लग्न झालं तेव्हा तिच्या अंगाची हळद उतरायच्या आधीच तिच्या डोक्यावर घमेलं आलं. दिवाळी झाली की टेम्पो भरून निघायचं, बांधकामाशेजारी तीन दगडांवर तवा ठेवायचा, इमारत उभी राहिली की ते दगड तिथेच टाकून पुढच्या इमारतीकडे जायचं. राजपाल असाच एका इमारतीच्या पायाजवळ झाला. धाकटी अंजू झाली तेव्हा टोळी दुसरीकडे होती. खेमा अंगाने किडकिडीत आणि बोलायला कमी. टोळीचा ठेकेदार दिवसभर ओरडायचा, त्यामुळे आपल्या वाट्याचं बोलणं त्यानेच संपवलं, असं खेमा म्हणतो.

पुढे रामीबाईचे गुडघे गेले. जिना चढता येईना, तेव्हा दोघं कायमची तांड्यावर परतली. राजपाल पुण्यातच राहिला, तोही बांधकामावरच. अंजू वाशीमला पॉलिटेक्निकला गेली. आणि रामीबाईने आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने मातीची चूल घातली. एक शेळी घेतली. अंगण सारवलं. मग नवऱ्याला सांगितलं, “आता माह्यी चूल हालणार नाई.” खेमाने हे मला चहा पिताना सांगितलं ते असं, की जणू कलेक्टर साहेबांचा आदेशच निघाला आहे.

पण त्या घराच्या भिंती मातीच्या आणि वर पत्रा. पत्र्याखालची वैशाखातली दुपार कशी असते हे मी वर्णन करत बसत नाही. ज्याने काढली त्याला सांगायला नको आणि ज्याने काढली नाही त्याला कितीही सांगून कळणार नाही. मागच्या उन्हाळ्यात रामीबाई तुरीची डाळ निवडता निवडता सुपावरच कोसळली. खेमाने तिला उचलून मोटारसायकलवर मधे बसवलं, मागून शेजारच्या लखीरामने धरलं, आणि दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, जीव वाचला. पुण्याहून राजपाल धावत आला. आईचा हात हातात घेऊन त्याने सांगितलं की पुढचा उन्हाळा ती या पत्र्याखाली काढणार नाही. होळीला येईन आणि घेऊन जाईन. माझी खोली पक्क्या इमारतीत आहे, वर स्लॅब आहे, तुझी सून शीला आहे, नात मंजू आहे.

पोराचं काही चुकलं नव्हतं. मीही तेच म्हटलं असतं.

रामीबाई त्याला नाही म्हणाली नाही. नवऱ्याला मात्र म्हणाली, “लेकाच्या घरी जायचं दुःख कायले करू? पण पुन्हा बिऱ्हाड उचलायचं म्हटलं का माह्या पायातलं बळच जाते वो.” हे सांगताना खेमाने चहाची बशी खाली ठेवली आणि रस्त्याकडे पाहू लागला. मग माझं हसणं आपोआप बंद झालं.

मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकता येत नाही, हे खेमाला माझ्याहून जास्त माहीत. त्या वजनाने भिंती बसतील. घरकुलात नंबर लागायला अजून वेळ होता. पत्र्यावर कडबा पसरून पाहिला, तर माकडांनी तो दोन दिवसांत ओढून खाली टाकला. तेव्हा अंजूने सांगितलं, बा, हलकं काँक्रीट करता येते. गिट्टीच्या जागी पऱ्हाटीचा बारीक भुसा, वीज केंद्राची राख, चुना, आणि सिमेंट नावाला. त्याच्या पातळ फळ्या पाडायच्या, आत बांबूच्या कामट्या घालायच्या, आणि पत्र्याखाली लाकडी बल्ल्यांवर एकीला एक लावून ठेवायच्या. काडीच्या पोकळीत हवा राहते, म्हणून फळी हलकीही होते आणि ऊनही आत येऊ देत नाही.

“भाऊ, सारी जिंदगी मालात एक काडी पडली तं ठेकेदार आईबहीण काढे,” खेमा मला म्हणाला. “कचरा काढ, कचरा काढ. अन आता माह्यी पोरगी म्हणते, बा, कचराच टाक.”

एक गोष्ट मात्र अंजूने त्याला बजावून सांगितली होती. पऱ्हाटीच्या काडीत गोडवा असतो. तो सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. म्हणून भुसा आधी चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मगच वापरायचा. खेमाने हे दोनदा म्हणून दाखवलं, मुलीचं शिकणं आपल्यालाही पाठ आहे या अभिमानाने. मी त्याला चुना दिला, आणि तेलाचं एक रिकामं पिंपही. ते आपलं सल्ल्याऐवजी.

महाशिवरात्रीच्या आसपास तो परत आला. या वेळी चहासुद्धा नको म्हणाला. उभ्यानेच बोलला.

“भाऊ, तुमचं शिमिट मेलं हाये.”

आता मला कुणी काहीही म्हणावं. माझ्या ढेरीवर बोलावं, माझ्या गाडीवर बोलावं. पण माझ्या सिमेंटवर बोलू नये. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, फळ्या टाकून आठ दिवस झाले, अजून बोट दाबलं की आत जातं. दुसऱ्यांदा टाकल्या, त्याही तशाच, शिळ्या पिठल्यासारख्या. तिसऱ्यांदा टाकल्या. होळी तोंडावर आली आणि एक फळी उभी राहीना.

“भुसा नीट भिजवला नसशील!”

“भिजवला. धुतला. अंजूनं फोनवर पाह्यला.”

“राख ओली असंल.”

“कोरडीठाक हाये.”

तो गेल्यावर माझं डोकं तापलेलंच होतं. त्याच खेपेतली एक थैली मी फोडली, दुकानामागे वाळू कालवली आणि एक गोळा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो गोळा हातोडीनेही फुटेना. मग मी तो मोटारसायकलच्या डिकीत टाकला आणि तांड्याकडे निघालो, खेमाच्या पायाशी आपटायला. रागात मोटारसायकल चालवू नये म्हणतात. त्या रस्त्यावर तर शांत डोक्यानेही चालवू नये.

खेमा अंगणात फर्म्यांपाशी उकिडवा बसला होता. फर्मे म्हणजे जुन्या फळकुटांच्या चौकटी, तळाला प्लास्टिक, आत तो करडा लगदा. तो चिवटपणे एका फळीच्या कडेला बोट लावून पाहत होता, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावं तसं. मी गोळा काढला आणि धाडकन टाकला. “हे पाह्य माह्यं मेलेलं शिमिट!”

त्याने गोळा उचलला आणि दगडावर ठोकून पाहिला. माझं सिमेंट चांगलं निघालं याचं त्याला वाईट वाटलं. कारण आता चूक त्याची होती आणि ती कुठे होती हे त्याला कळत नव्हतं. त्याचा चेहरा पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला. मीही फर्म्यांपाशी बसलो.

आणि मला मुंग्या दिसल्या.

काळ्या मुंग्यांची एक रांग कुडाच्या कडेने येत होती, फर्म्याच्या फळकुटावर चढत होती आणि करड्या लगद्यावर पसरत होती. आख्खा जन्म सिमेंटमधे गेला माझा. सिमेंटला मुंग्या लागलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी रांगेच्या मागे मागे गेलो. ती पाण्याच्या पिंपाकडे जात होती, मीच दिलेल्या. पिंपाला हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती. मी आत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“खेमाभाऊ,” मी म्हटलं, “हे पाणी हाये का शरबत?”

त्याने ओंजळीत घेतलं, चाखलं, आणि दाराकडे पाहिलं. दारात रामीबाई उभी होती, हातात शेळीला टाकायचा पाला घेऊन. आम्ही दोघे पिंपाशी जीभ चाटत उभे, हे पाहून तिला आधी हसू आलं. मग आमचे चेहरे पाहून ते मावळलं.

तिने काही लपवलं नाही. पुण्यात एकदा त्यांच्या टोळीला जुन्या देवळाच्या डागडुजीचं काम मिळालं होतं. तिथले म्हातारे कारागीर चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत. रामीबाईने त्यांना विचारलं होतं, गूळ कशाला? ते म्हणाले, बाई, गुळाने चुना पिढ्यानपिढ्या हलत नाही. ती गोष्ट तिने इतकी वर्षं जपून ठेवली होती. घरात चुन्याची पोती आलेली पाहिली तेव्हा तिला ती आठवली. मग खेमाने माल कालवायला घेतला की त्या सकाळी ती पिंपाला हळदकुंकू लावायची, आणि मोठा खडा गुळाचा पाण्यात विरघळवायची. तिन्ही वेळा. दुसऱ्यांदा फळ्या बिघडल्या तेव्हा गूळ कमी पडला असेल म्हणून तिसऱ्यांदा जास्त घातला.

“मले वाटलं, माह्यं घर हाये. माह्याकडूनही काई पक्कं पडू दे त्यात,” ती म्हणाली. हातातला पाला तिने तसाच खाली सोडला. शेळीला मात्र आमच्या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं.

ज्या छतासाठी नवरा उन्हातान्हात खपत होता, ते छत तिनेच तीनदा नासवलं होतं, आणि तेही मजबूत व्हावं म्हणून. हे तिला उभ्या उभ्या समजलं. मी सांगतो, ते बघवत नव्हतं. खेमाने खिशातून फोन काढला. मला वाटलं, आता बायकोवर चिडेल आणि लेकीकडे गाऱ्हाणं करेल. त्याने अंजूला फोन लावला आणि म्हणाला, “पोरी, चूक घावली. मी पाण्यात गूळ टाकला होता.”

अंजूचा आवाज मला दहा हातांवरून ऐकू आला. “बा! साखर चालत नाई म्हणून किती येळा सांगितलं तुमाले! लक्ष कुठं राह्यते तुमचं?”

“इसरलो व माय,” खेमा म्हणाला. “म्हातारा झालो.”

तो इतक्या सहज खोटं बोलला की मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. दुकानदाराचे डोळे सहसा भरत नाहीत, धंद्यात ते परवडत नाही. त्या दिवशी भरले. इतक्यात रामीबाई लंगडत आली आणि तिने फोन काढून घेतला. “तुह्या बानं नाई टाकला. म्या टाकला. त्याले बोलू नोको.”

पलीकडे अंजूचा आवाज उतरला. मग तिने विचारलं, “याडी, कोणी सांगितलं तुले गुळाचं?” तांड्यात आईला याडी म्हणतात. रामीबाईने देवळाची सगळी गोष्ट सांगितली. अंजू ऐकत राहिली आणि म्हणाली, “ते कारागीर खरं बोलले. निऱ्या, नुसत्या चुन्याले गूळ चालते. शिमिटाले चालत नाई, ते झोपून जाते. याडी, आपण असं करू. फळ्या बिनगुळाच्या पाडू द्या बाले. अन फळ्यांच्या खालच्या अंगानं जो हात फिरवायचा, तो निऱ्या चुन्याचा. तो तू कर. गूळ टाकून कर.”

रामीबाईने फोन परत दिला आणि पदराने डोळे पुसले. मग आम्हाला चहा केला. पिंपातल्या पाण्याचा केला नाही, एवढं मी आधी पाहून घेतलं.

पिंप धुतलं. नासका माल बांधावर नेऊन टाकला, आणि त्या मुंग्या तीन दिवस तिकडे राबल्या. खेमाने नव्याने फळ्या टाकल्या. आठव्या दिवशी पहिली फळी उभी केली तेव्हा ती उभी राहिली. त्याने मला फोटो पाठवला. फोटोत फळी कमी आणि त्याचा अंगठाच जास्त होता. मी तांड्यावर जाऊन ती उचलून पाहिली. दोन बोटं जाडीची, माणसाच्या कमरेएवढी लांब, आणि काखेत मारून चालता येईल इतकी हलकी. नखाने टोकरली तर आत कापसाच्या काड्यांचे लालसर ठिपके दिसत होते. ओल्या पोत्याखाली त्या सावकाश मुरायच्या, घाई चालत नव्हती, आणि होळी तर आलीच होती. होळीपर्यंत अर्ध्या घराला पुरतील एवढ्याच फळ्या झाल्या. ज्या बाजूला रामीबाईची खाट होती, त्या बाजूला त्याने त्या लावल्या. खाली रामीबाईने चुन्याचा हात फिरवला. शिडीवर तिला चढता येत नव्हतं, म्हणून फळ्या जमिनीवर असतानाच तिने तो घेतला, गुडघे लांब करून, एकेका फळीवर दोन्ही तळवे फिरवत. उरलेल्या अर्ध्या घरावर पत्रा तसाच उघडा होता.

राजपाल होळीच्या आदल्या दिवशी आला. एकटाच आला, शीला आणि छोटी मंजू पुण्यातच राहिल्या होत्या. होळी म्हणजे तांड्याचा मोठा सण. बाहेरगावची सगळी पोरं येतात, डफ वाजतात, बायका-पुरुष लेंगीची गाणी म्हणत फेर धरतात. खेमाने मलाही जेवायला बोलावलं होतं. राजपाल घरात शिरला, वर पाहिलं, आणि हात उंचावून फळी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिली. तो स्वतः बांधकामातला माणूस.

“बा, हे काडीकचऱ्याचं छत हाये,” तो म्हणाला. “उद्या याडीच्या अंगावर पडलं तं?”

खेमाने सांगायचा प्रयत्न केला, बल्ल्या कशा बदलल्या, कामट्या कशा घातल्या, फळीवर स्वतः बसून कसं पाहिलं. राजपालने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, “तुमी तिच्यासाठी केलं, हे मले कळते, बा. पण मागच्या उन्हाळ्यापासून फोन वाजला का माह्या छातीत धस्स होते. इतक्या दुरून मले धावत येता येत नाई. ते डोळ्यासमोर राह्यली तं मी काम तरी करू शकीन.”

माझं तर सल्ल्याचं दुकान, पण ते त्या वेळी बंद पडलं. रामीबाईने उत्तर दिलं. ती म्हणाली, “येतो बाप्पा तुह्यासंगं. तू नोको झुरू.” आणि डफ सुरू होता तिकडे निघून गेली.

पुण्याची गाडी धुळवडीनंतर दुसऱ्या दिवशी निघायची होती. टेम्पो आधी वरच्या आळीतली माणसं घेणार, मग खेमाच्या दारावर येणार. मी रामीबाईला निरोप द्यायला गेलो होतो. दुपार झाली होती. उन्हाळा अजून कोवळा, तरी पत्रा तडतडायला लागला होता. रामीबाईने आपली लुगडी एका मोठ्या पिशवीत भरली होती आणि शेळी लखीरामच्या दारात बांधून आली होती. ती परत येऊन पायरीवर बसली. खेमा अंगणात पाठ करून उभा होता. त्याला काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

राजपाल आत बसला होता, पत्र्याच्या बाजूला. घाम पुसून पुसून वैतागला आणि उठून दुसऱ्या बाजूला आला. आईच्या खाटेवर बसला. “गाडी येतवर जरासा टेकतो,” म्हणाला. रात्र रात्र लेंगी खेळलेला पोरगा. आडवा झाला आणि पाहता पाहता झोपला.

टेम्पो आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. रामीबाई पायरीवरून उठली, आत डोकावली, आणि तशीच उंबऱ्यावर थांबली. मीही तिच्या मागून पाहिलं. राजपालचं तोंड अर्धवट उघडं होतं, कपाळ कोरडं होतं, आणि एक हात खाटेखाली लोंबत होता. पुन्हा हॉर्न वाजला. रामीबाईने वळून ड्रायव्हरला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

“निजू द्या त्याले,” ती म्हणाली. “किती दिवसाचा जागा हाये कोण जाणे.”

ड्रायव्हर थोडा वेळ थांबला. टेम्पोतली माणसं ओरडायला लागली, तशी गाडी गेली. राजपाल उठला तेव्हा उन्हं कलली होती. डोळे चोळत बाहेर आला आणि आमच्याकडे पाहिलं.

“गाडी?”

“गेली,” खेमा म्हणाला.

मला वाटलं, चिडेल. तो परत आत गेला आणि खाटेवर बसला. फळ्यांकडे पाहत राहिला. मग त्याने उठून, हात वर करून चुन्याच्या त्या अंगावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. तो चुना थंड लागत असणार. आम्ही तिघे दारात उभे होतो.

“याडी,” तो वर पाहतच म्हणाला, “मी तुमाले खोटं सांगितलं. माह्यी खोली पक्क्या इमारतीत नाई. आमी साइटवरच राह्यतो. पत्र्यात.” तो हात खाली घेऊन पुन्हा खाटेवर बसला. “पण तिथं दवाखाना जवळ हाये. तू कोसळली असती तं मले उचलता तरी आलं असतं.”

रामीबाई त्याच्याकडे पाहत राहिली. रागावली नाही. तिने फक्त विचारलं, “अन मंजू? ते दुपारची कुठं निजते?”

राजपालने उरलेल्या अर्ध्या घरावरच्या उघड्या पत्र्याकडे बोट दाखवलं.

रामीबाई पायरीवरची पिशवी उचलून आत घेऊन गेली. खाटेवर ती पालथी केली. दोन-चार लुगडी, एक घोंगडी, नातीसाठी बांधलेलं काहीतरी, सगळं बाहेर पडलं. मग तिने पिशवी झटकली, घडी केली आणि लेकाच्या मांडीवर ठेवली.

“शीलाले अन मंजूले घेऊन ये,” ती म्हणाली. “यात पोरीचे कपडे भरून आण.”